वरच्या दोन ओंजळी

आई, आज सोमवार आहे आणि चार वाजता समोरच्या मावशीचा फोन येणार आहे. तू गेल्यापासून तिनं मला दोनदाच फोन केला. एकदा आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि एकदा आठ दिवसांखाली. त्या फोनात म्हणाली, "बायांची संस्था पुन्यांदा उभी करायलोत आमी. पन भांडी घासायच्या पावडरीचं माप कुनाच्याच ध्यानात न्हाई. तुज्या मायनं लिव्हून ठिवलं नव्हतं. चाळनी तुज्या हाती असायची, तुला म्हाईत असंल. सोमवारी मिटिंग हाय, स्पीकर लावते, समद्यांना सांग." मी हो म्हणालो. मग ती जरा थांबली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "दोघी-तिघी अडून बसल्यात. तिची पावडर नको म्हनतेत. मागच्या टायमाला तिच्या राखेनंच घात केला म्हनतेत."  तिला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो करून तिनं ठेवून दिला.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. माप सांगायला एक मिनिट लागतं. ती राख कुठली होती हे सांगायला किती लागेल ते कळत नाही, आणि सांगायचं का नाही तेही अजून ठरत नाही. म्हणून आधी तुला सांगून बघतो. लिहिणं माझं काम नाही, सातवीनंतर हातात पेन आलं ते फक्त सही करायला. कागद लाँड्रीच्या पावतीचे आहेत. एका बाजूनं चादर, उशी, टॉवेल असे रकाने छापलेत, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर लिहितोय.

मी बंगळुरात आहे. त्याआधी पुण्यात होतो, मग सुरतेला, मग हैदराबादेत, मधी एक वर्ष गोव्यात. कुठंच पाय ठरत नाही माझा. इथं हॉटेलांचे कपडे येतात, दिवसाला दोन-तीन ट्रक. मशीनचा ड्रम एवढा मोठा की आपली म्हैस आत आरामात बसेल. एक फेरा चाळीस मिनिटांचा. तेवढ्यात मला दुसरं काम नसतं, म्हणून फेरा चालू केला की लिहायला बसतो आणि शिट्टी वाजली की उठतो. आत्ता बारा वाजलेत. चारपर्यंत सहा फेरे होतील.

इथल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात कधी कधी एक कार्ड येतं. त्याच्यावर हिरवं पान काढलेलं असतं आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. आमच्या सुपरवायझरनं मला वाचून दाखवलं, "लिखा है, टॉवेल रोज मत धुलवाओ, पानी बचाओ, धरती बचाओ. इको है इको." मला लई हसू आलं. तो म्हणाला, हँसता क्यों है? काय सांगणार त्याला. तुझ्या डोक्यात पाण्याचा हिशोब कसा चालायचा ते इथल्या माणसाला सांगून पटणार नाही.

टँकर आठ दिवसांनी यायचा आणि आपल्या वाटणीला दोन टिपाडं. तू रिठे आदल्या दिवशी भिजत घालायचीस. त्या पाण्यात आधी पांढरे कपडे, त्याच पाण्यात मग तुझी लुगडी, त्याच पाण्यात आबांच्या उसातल्या पँटी, आणि ते पाणी काळंकुट्ट झालं की त्यात ओट्याची फडकी. तेवढ्यावर थांबायची नाहीस. ते गाळून घ्यायचीस आणि तांब्या-तांब्यानं लिंबोणीच्या बुडाला सोडायचीस. "साबनाचं पानी झाड पीत न्हाई," म्हणायचीस. "रिठ्याचं पितं." भांड्यांचं राखेचं पाणी मात्र लिंबोणीला नाही, ते उकिरड्यावर. उसाचा चिकटा कापडावर बसला की साबणानंही हटत नाही, त्याला तू राख भिजवून वरची निवळी घ्यायचीस आणि कापड त्यात रात्रभर ठेवायचीस. त्या दुष्काळात आपल्या गल्लीतली सगळी झाडं वाळली, आपली लिंबोणी तेवढी हिरवी होती. लोक म्हणायचे, हिच्या घरी चोरून पाणी येतंय.

शिट्टी झाली. पन्नास चादरी काढून आलो.

संस्था तुम्ही काढली ती त्याच दुष्काळात. अकरा बाया. समाजमंदिरात बसून अंगठे आणि सह्या झाल्या, तालुक्याला चकरा मारून नोंदणी झाली, शिक्का आला. तुला अध्यक्ष केलं, कारण तू एकटीच साहेबापुढं खुर्चीवर बसू शकलीस. बाकीच्या खाली बसल्या. घासायची पावडर करायची असं ठरलं. राख आपल्याकडं होतीच, आणि धर्मापुरीच्या रस्त्याला रिठ्याची तीन झाडं होती. शहरात आता अशी पावडर मागतात असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तुम्ही अकराजणीच एकमेकींत बोलायच्या. पावडर चालली तर ऊस तोडायला जायचं नाही. दसरा झाला की ट्रकात बसायचं नाही, लेकरं पाचटाच्या कोपीत टाकायची नाहीत, पहाटे तीनला थंडीत फडात उभं राहायचं नाही. गडीमाणसांना जायचं तर जाऊ द्या. बाया घरी राहतील.

आणि तुझा तो नियम. प्रत्येकीची राख घ्यायच्या आधी तू चिमूटभर जिभेच्या शेंड्यावर ठेवायचीस. डोळे मिटायचीस. थुंकायचीस आणि मान हलवायचीस. शेणीची आणि लाकडाची राख जिभेला चावते, तीच भांडं धुते. दगडी कोळशाची राख मुकी असते, असं तू म्हणायचीस. "मुक्या राखेला नुसते दात असतेत. भांडं खाती, मळ न्हाई खात." समोरची मावशी तुझी टिंगल करायची, "माहेरात गूळ नव्हता का गं तुज्या? राखच चाटीत बसती ही!" तू म्हणायचीस, "हुता की. म्हनूनच तर राखंचं खारं कळतं मला." सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसायच्या. मी दारात चाळणी घेऊन उभा. अठराचा झालतो, शाळा सुटून पाच वर्षं झालती, आणि बायांच्या कामात चाळणी धरायची मला लई लाज वाटायची. रस्त्यावरून कुणी गेलं की मी चाळणी खाली ठेवायचो.

मग ते वसतिगृहाचं काम आलं. त्यांच्या स्वयंपाकघराला दर महिन्याला पावडर पाहिजे होती, चारशे ताटं रोज घासायची. त्या दिवशी तू घरी आलीस तेव्हा चप्पल काढायची विसरून चुलीपुढं गेलीस. ऊसतोडीचा मुकादम दोन दिवसांनी आला, पारावर बसला, म्हणाला, यंदा किती कोयते, किती जोड्या? तू पारापुढं उभी राहून म्हणालीस, "गडी इच्यारा गड्याला. आमच्या अकरा बाया येनार न्हाईत." मुकादम हसला. "बघू की," म्हणाला. मी तिथंच होतो. तुझ्या आवाजात तेव्हा जे होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पण राख कमी पडली. जनावरं सगळी चारा छावणीत, मग गावात शेण कुठलं आणि शेण्या कुठल्या. छावणीत मात्र माणसं जनावरांपाशी राहायची, तिथंच चुली पेटायच्या, तिथं राख होती. तू मला म्हणालीस, जा, चुली-चुलीवरून मागून आण, सहा पोती लागतेत. छावणी सात-आठ किलोमीटर. ऊन असं की सायकलच्या सीटवर हात ठेवता येत नव्हता. शंभर चुलींपुढं वाकायचं, बायांना म्हणायचं, मावशी राख द्या, काकू राख द्या. मला ते नको होतं.

त्याच सकाळी माझा दोस्त टेम्पो घेऊन परळीला निघालता, वीटभट्टीसाठी राख आणायला. तिथं विजेच्या कारखान्यात कोळशाच्या राखेला काय तोटा. मला म्हणाला, चल. मी म्हणालो, मला राख न्यायची आहे, आईनं छावणीतून आणायला सांगितली. तो हसला. "राख ती राख, बे. तिच्यावर काय गावाचं नाव लिव्हलेलं असतंय का? तिकडं फुकट भरून देतो, हितं भीक मागत फिरतोस कावून?"

आई, त्याला दोष देत नाही. तो शाळा शिकलेला नव्हता आणि राख चाखणारी माय त्याला नव्हती. मला होती. तू मला शंभर वेळा सांगितलं होतं, दगडी कोळशाची नको. मी गेलो ते राखेसाठी गेलोच नव्हतो. मला परळीच्या स्टेशनावर बसायचं होतं. तो भट्टीची कामं उरकेपर्यंत चार तास मी फलाटावर बसलो आणि गाड्या बघितल्या. एक आली, एक गेली. डब्यावरच्या पाट्या वाचल्या. खिडकीत बसलेल्या माणसांची तोंडं बघितली. मला वाटत होतं, ह्यातल्या एकीत चढलो तर कुणाला कळणारही नाही. त्या चार तासांसाठी मी ते केलं.

सहा पोती भरून परत निघालो. तू जीभ लावणार हे मला ठाऊक होतं. मग येताना रस्त्याच्या चहाच्या टपरीवर टेम्पो थांबवायला लावला. टपरीवाल्याच्या चुलीतली राख मागून घेतली, बाभळीच्या लाकडाची, पांढरी. एक घमेलं भरली. आणि प्रत्येक पोत्याचं तोंड सोडून वर दोन-दोन ओंजळी ती घातली. हातानं सारखी केली. चुकून झालं असं मला कधीच म्हणता येणार नाही, ते ह्या दोन ओंजळींमुळं.

अंगणात पोती उतरली. तू ओट्यावरून उठून आलीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. तू पहिल्या पोत्याचं तोंड उघडलंस, वाकलीस, बोटं आत घातलीस, आणि मग बाहेर काढून पदराला पुसलीस. "तू आनलीस ना उन्हातान्हाचा?" म्हणालीस. "मंग काय चाखायची. जा, पानी पी." आणि टिपाडातला तांब्या भरून तूच मला दिलास. वर गुळाचा खडा. ते पाणी मी सगळं प्यालो.

हा दुसरा फेरा कधी झाला कळलंच नाही. सुपरवायझर ओरडला, मराठा, सो गया क्या. उठलो, कपडे काढले, भरले, परत आलो. 

चाळली मीच. तू लांबून बघून म्हणालीस, ह्या खेपेला राख लई बारीक पडायली. त्यात आधीची उरलेली चांगली राख मिसळली म्हणून रंगानं ओळखू आली नाही. मावशीनं पुड्या भरताना बोटं चोळून बघितली. "हाताला बुळबुळीत लागंना गं ही. भुरभुर लागायली." मी तिथल्या तिथं म्हणालो, छावणीत बाभळीची लाकडं जाळतेत, त्याची अशीच असती. दुसरं खोटं. पहिल्याच्या मागं आपोआप आलं.

तीन आठवड्यांनी वसतिगृहाचा आचारी पुड्यांचं पोतं खांद्यावर घेऊन समाजमंदिरात आला. एक ताटही आणलं होतं त्यानं. ते तुझ्यापुढं धरलं. "बोट वडा ह्याच्यावर बाई." तू ओढलंस. करकर वाजलं. ताटावर सगळे बारीक ओरखडे, त्या ओरखड्यांत करडं काहीतरी बसलेलं. "पोरं म्हनतेत वरनात कचकच लागायली. चारशे ताटं हायेत माज्याकडं. म्या काय सांगू वर?" तो वाईट माणूस नव्हता. ताट ठेवून गेला.

त्याच दुपारी मिटिंग झाली. अकराजणी भिंतीला टेकून. वेशीजवळची काकू सगळ्यात पुढं. तिनं त्या वर्षी नवऱ्याशी भांडून, उसाला येत नाही म्हणून सांगितलं होतं. न चाळलेलं एक पोतं कोपऱ्यात उरलं होतं. तू उठलीस आणि त्यात हात घातलास, वरवर नाही, कोपरापर्यंत. हात बाहेर काढलास तेव्हा कोपरापाशी पांढरी राख होती आणि बोटांना करडी. तू आधी हाताकडं बघितलंस. मग बोट जिभेला लावलंस. डोळे मिटले नाहीस या वेळी. थुंकलीही नाहीस. माझ्याकडं बघितलंस. मी दारात चाळणी धरून उभा होतो, आणि किती वेळ उभा होतो ते मला आजही सांगता येत नाही.

"मुकी हाय," म्हणालीस. "म्या चाखली न्हाई. चूक माजी हाय."

काकू म्हणाली, "पोते आनले कुनी?"

"आनले कुनी का असंनात. चाखायचं काम माजं हुतं."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दोन शब्द. तोंडात आलेही होते. पण काकू उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "अध्यक्ष झाली आन् जीभ जड झाली व्हय गं?" आणि बाकीच्या एकेक करून तिच्यामागं निघाल्या. मावशी शेवटी उठली. समाजमंदिरात आपण दोघंच राहिलो. तू माझ्या हातातली चाळणी घेतलीस आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवलीस. मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असतीस तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

दोन दिवसांनी तू माझा सदरा धुवायला घेतलास, परळीला घालून गेलतो तो. एकदा धुतलास, वाळवलास. पुन्हा भिजवलास. तिसऱ्यांदा रिठ्यात घातलास तेव्हा मी म्हणालो, कावून इतकं पाणी घालवायलीस? तू सदरा उलटा केलास आणि खांद्याच्या शिवणीत नख घालून दाखवलंस. करडी रेघ होती. "शिवनीत बसली हाय," म्हणालीस. "वरून धुतली तर निघत न्हाई." एवढंच. पुढं त्यावर तू कधी एक अक्षर काढलं नाहीस.

दसऱ्यानंतर अकराच्या अकराजणी ट्रकात बसल्या. मुकादम पारावर उभा होता, तो यावेळी हसला नाही, त्याला हसायची गरज नव्हती. तूही आबांच्या शेजारी बसलीस. ट्रक चालू झाल्यावर मला हाक मारलीस आणि फाळक्यावरून वाकून एक पुरचुंडी दिलीस, त्यात रिठे. "तुजे कपडे तूच धू आता. उलटे करून धू." मला वाटलं, एकटा राहणार म्हणून सांगतेस. चौथ्या दिवशी शेळ्या मावशीच्या सासूकडं बांधून मी परळीला गेलो आणि पुण्याच्या गाडीत चढलो. त्याच फलाटावरून.

काकूचं बोट त्या हंगामात गेलं. कोयत्यानं. उजव्या हाताचं पहिलं. आणि माघात तुला ताप आला. आबांनी सांगितलं ते एवढंच, की दोन दिवस तू फडात गेलीस, तिसऱ्या दिवशी उठली नाहीस, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालता. मी पोहोचलो तेव्हा राख सावडून झालती. मडकं आबांच्या हातात होतं. मी ते घेतलं नाही, आई. आबा म्हणाले, धर. मी म्हणालो, तुम्हीच धरा. त्यांना वाटलं, पोरगं भ्यालंय.

साडेतीन झाले. तू माझ्यावर टाकलं नाहीस, स्वतःवर घेतलंस, आणि ते तुझ्या नावाला चिकटून राहिलं. दहा वर्षं गावात तुझं नाव निघालं की बाया राखेचं बोलतात. मी इकडं पाच ठिकाणी चादरी धुतल्या. मला कुणी काही म्हणत नाही.

आता चार.

आई, फोन होऊन गेला. आता साडेपाच वाजलेत. फेरा लावून परत बसलोय.

मी सुपरवायझरला विचारून मागच्या बाजूला गेलो, जिथं सगळ्या मशीनींचं पाणी नालीत पडतं. तिथं पांढरा फेस कमरेएवढा चढतो, त्याच्याशेजारी उभं राहून बोललो. मावशीनं स्पीकर लावला. पंधरा-वीस बाया असतील, कुजबुज ऐकू येत होती. मी माप सांगितलं. तीन पायल्या राख, दोनदा चाळलेली. एक पायली रिठ्याचं साल, बी काढून, कडकडीत वाळवून कुटलेलं. मूठभर कडुलिंबाचा पाला, किडा लागू नये म्हणून. कुणीतरी लिहून घेत होती, "हळू सांगा" म्हणत होती. मग मी म्हणालो, "अजून एक सांगायचंय." आणि सांगितलं. परळी, टेम्पो, टपरी, वरच्या दोन ओंजळी. एका दमात सांगितलं, डोळे मिटून. सांगून झाल्यावर तिकडून काही येईना. कानावरून फोन काढून बघितला तर कट झालेला.

मला काय वाटलं ते तुझ्यापासून लपवून काय करू. मला बरं वाटलं. सांगितलं पण आणि कुणी ऐकलं पण नाही.

परत वाजला. मावशी म्हणाली, "रेंज गेलती बाबा. लिंबाच्या पाल्यापस्तोर ऐकाय आलं. अजून काय म्हनत हुतास?"

काही नाही म्हणालो असतो तर झालं असतं. फेस वर चढत होता. मी म्हणालो, "मागच्या टायमाची राख मी आणली होती. परळीची, कोळशाची. आईला छावणीची म्हणून सांगितली. आईची काही चूक नव्हती." दुसऱ्यांदा एवढंच निघालं.

तिकडं कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते गप केलं. मग मावशीचा आवाज आला, पण स्पीकरपासून लांबून आल्यासारखा. "हे तू आत्ता सांगायलास?"

"व्हय."

"ती हुती तवा कावून न्हाई सांगितलं रं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात काकू बोलली. इतक्या वर्षांनी ऐकला तरी ओळखला मी आवाज. "माजं बोट त्याच साली गेलं," म्हणाली. ओरडून नाही, गाईचं वय सांगावं तशी. मी म्हणालो, "माहीत आहे काकू." ती म्हणाली, "काय म्हाईत हाय तुला." मी फोन ठेवला नाही, कारण ठेवायचा तर त्यांनी ठेवायला पाहिजे होता.

शेवटी एक नवीनच आवाज आला, कुणाची तरी सून असेल. "पर चांगली राख वळखायची कशी, ते सांगा की. आमच्यात आता कुनालाच येत न्हाई." मी सांगितलं. चिमूटभर घ्यायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे मिटायचे. आधी खारट लागते, मग चावते. वरची घ्यायची नाही, पोत्याच्या बुडाची घ्यायची. तिनं लिहून घेतलं. मग काकू म्हणाली, माझ्याशी नाही, तिच्याशी, "वर तिचं नाव लिव्ह. माप तिचं म्हनून लिव्ह. आन् ह्याला राखंला हात लावू देऊ नका, आला तर." आणि फोन ठेवला.

तेवढंच झालं. तुझं नाव वहीत गेलं. माझ्याबद्दल काकू बोलली त्यात चूक काय आहे? परत कधी गावी गेलो तर अंगणात बसेन, रिठे फोडीन. राखेकडं जाणार नाही.

पण एक राहिलं. त्या सुनेला मी चव अशी सांगितली जशी काय रोज चाखतो. आई, मी राख कधीच जिभेला लावलेली नाही. घरी नाही, टपरीवर नाही. संस्था चालली तोवर चाळणी धरली, पण चव मी तुझ्या तोंडाकडं बघून शिकलो. आधी तुझा ओठ वाकडा व्हायचा, मग डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुती पडायची. ते बघून मी खारट आणि मग चावते असं सांगितलं.

फोन झाल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर गेलो. त्या म्हातारबाबाची अजून लाकडाची चूल आहे. त्याला हिंदीत म्हणालो, चिमूटभर राख द्या. त्याला वाटलं, दात दुखतोय. ह्याच कागदाचा खालचा कोपरा फाडून पुडी बांधली आणि खिशात ठेवली. कागद कुठं पाठवणार, तो तर आता पुराही राहिला नाही. पुडीही तशीच आहे. दोनदा उघडली आणि परत बांधली.